टेस्टरवाले आबा

माझ्या पर्समध्ये किल्ल्या, रुमाल, खडूचे दोन तुकडे आणि एक टेस्टर असतो. मॉलच्या दारात पर्स तपासणाऱ्या बाई दर वेळी तो बाहेर काढतात, उलटासुलटा करून बघतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघतात. मी वायरमनची बायको असावी असं त्यांना वाटत असेल. वाटू दे. टेस्टर आबांचा आहे, आणि आबा म्हणजे काय प्रकरण आहे ते दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही.

आबा उधन्याला आमच्या चाळीत, आमच्याच ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहायचे. सुरतेतल्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते. कागदोपत्री हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर', पण आबा स्वतःला 'लॅबवाला' म्हणवून घ्यायचे आणि प्राध्यापकांना 'शिकवणारे'. जणू खरं काम लॅबमध्ये चालतं आणि बाकीची मंडळी तिथे नुसती बोलायला येतात. चाळीत बाकी सगळे यंत्रमागावरचे. कुणी धुळ्याकडचं, कुणी अमळनेरचं, आम्ही पारोळ्याजवळचे. त्यात शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावून सायकलवरून कॉलेजात जाणारे आबा एकटेच.

हा टेस्टर ते कशालाही लावायचे. विजेच्या बोर्डाला लावायचे ते ठीक. पण नळाला, दाराच्या कडीला, मंडपाच्या खांबाला, एकदा तर महादेवाच्या देवळातल्या घंटेला. आधी टेस्टर, मग हात, मग नमस्कार. पुजाऱ्याने विचारलं, "देवावर विश्वास नही का तुमना?" तर म्हणाले, "देववर शे. वायरिंगवर नही."

उपकरणांबद्दल ते सासरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. अमका व्होल्टमीटर म्हातारा झालाय, दोनाने कमी दाखवतो, पण मनाने चांगला आहे. तमका नवा आलाय, फार तोरा आहे. कुठलंही उपकरण बिघडलं म्हणायचं नाही, 'त्याला बरं नाही' म्हणायचं. आणि कुठल्याही गोष्टीचं मत द्यायच्या आधी तीन रीडिंग. आईने त्यांच्याकडे भरीत पाठवलं आणि कसं झालंय म्हणून मला विचारायला धाडलं, तर माझ्यासमोर तीन घास खाऊन, मध्ये पाणी पिऊन, "दुसरा घासले मीठ जास्त लागनं, पण सरासरी चांगलं शे," असा निरोप दिला. पुतण्यासाठी मुलगी बघायलाही ते तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला मुलीकडच्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं. आबा घरी येऊन म्हणाले, रीडिंग तर तिन्ही उत्तम होती.

हसू यायचं आम्हाला. पण एक गोष्ट अशी होती की तिचं हसू येत नसे, रागच यायचा. आबा कधीही, कुणालाही 'काही होत नाही' म्हणायचे नाहीत. चाळीत हे वाक्य मिठासारखं वापरलं जायचं. पोर पडलं, काही होत नाही, ऊठ. ताप आला, काही होत नाही, झोप. आबांपुढे पडलं तर ते गुडघ्यावर बसून म्हणायचे, "लागलंय. दाखव." मी सातवीत असताना सुईला घाबरून त्यांना विचारलं होतं, आबा दुखणार नाही ना? "दुखेल," म्हणाले. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

हे सगळं आठवतं ते दोन हजार आठच्या गणपतीतल्या त्या चार दिवसांमुळे.

परदेशात जमिनीखाली मोठा थोरला गोल बोगदा खणून शास्त्रज्ञांनी एक यंत्र बांधलं होतं. त्यात अणूहून बारीक कण भयंकर वेगाने फिरवून एकमेकांवर आपटायचे होते, आणि ते यंत्र बुधवारी पहिल्यांदा सुरू होणार होतं. आमच्याकडच्या हिंदी बातम्यांनी त्याचं एकच भाषांतर केलं: बुधवारी दुनिया खतम. यंत्रातून काळं विवर निघणार आणि पृथ्वी आत ओढून घेणार. पडद्याच्या कोपऱ्यात उलटे आकडे पळत होते. आज कुणाला खोटं वाटेल, पण दोनच वर्षांपूर्वी तापीने अर्धी सुरत पाण्यात बुडवलेली आम्ही पाहिली होती. असं काही होत नसतं, हे म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. चाळीत सायन्सला गेलेली मी पहिली, त्यामुळे माझा भाव भाजीपेक्षा चढा होता. रविवारी संध्याकाळी मंडपात आरती झाल्यावर मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे नाक्यावरचा पानवाला, सगळ्यांसमोर मला म्हणाला, "तू सायन्सवाली ना? सांग, खरं आहे का हे?"

मला काडीचंही माहीत नव्हतं. पण पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यात माझे वडीलही होते. मी घसा साफ करून म्हणाले, "हो. होऊ शकतं. आमच्या पुस्तकात दिलंय."

पुस्तकात असलं काहीही नव्हतं.

मग जे सुरू झालं ते मला थांबवता येईना. बायका म्हणाल्या, बुधवार म्हणजे गणपतीचा आठवा दिवस. आपला बाप्पा दहा दिवसांचा, म्हणजे तोही सापडणार. त्यापेक्षा मंगळवारी, सातव्या दिवशीच विसर्जन करून त्याला सुखरूप घरी पाठवू. समोरच्या खोलीतली म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आपलं काय, आपन मातीमा जासूत. पन त्याले आपला संगे कसाले अडकावानं?" एरवी आम्ही बाप्पाकडे मागायचो, त्या दिवशी त्यालाच वाचवायला निघालो होतो. अध्यक्षाने लगेच टेम्पोवाल्याला फोन लावला.

आणि घरोघरी बोचकी बांधायला सुरुवात झाली. मरायचंच तर गावी मरू, एवढा साधा हिशेब. मंगळवारी विसर्जन उरकायचं आणि भुसावळची गाडी पकडायची. माझे वडील आठ माग सांभाळायचे. गणपतीत आधीच माणसं कमी, म्हणून शेठने बजावलं होतं, या आठवड्यात जो जाईल त्याने परत यायचं नाही, मागावर बदली माणूस बसेल. वडील घरी येऊन आईला म्हणाले, "बसू दे. दुनियाच ऱ्हावाव नही, तं माग काय करू? माय तठे एकली शे."

जग बुडेल की नाही हे मला माहीत नव्हतं, पण गावी गेलो तर माझं काय होईल ते स्पष्ट दिसत होतं. माग गेले की खोली जाणार, खोली गेली की कॉलेज. गावी काकांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. बुधवार सुखरूप पार पडला असता तरी माझ्यापुरतं सगळं संपलं असतं, आणि ते माझ्याच एका थापेने.

सोमवारी सकाळी मी आबांच्या दारात गेले. ते सायकलच्या चाकात हवा भरत होते. मी रडतरडत सगळं सांगितलं. त्यांनी पंप बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"कोनता पानवर शे?"

"कुठल्याच नाही."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण आबांनी पंप उचलून पुन्हा हवा भरायला घेतली. मग म्हणाले, प्रयोगवहीत चुकीचं रीडिंग पडलं तर काय करायचं असतं? ते रबराने पुसायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी खरं लिहायचं. खाली चूक दिसत राहिली पाहिजे. "संध्याकाळी मंडपमा तूच रेघ मारशी," म्हणाले. "मी कॉलेजमा विचारी येस."

संध्याकाळी आरती झाली. मी उभी राहिले. म्हटलं, मी काल खोटं बोलले, पुस्तकात असं काही नाही, मला माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाला, घ्या, ही सायन्सवाली. कुणीतरी हसलं. माझ्या वडिलांनी मान खाली घातली. त्यांची ती खाली गेलेली मान मला अजून दिसते.

मग आबा पुढे आले. हातात कॉलेजातल्या सरांकडून लिहून आणलेला कागद होता, पण तो त्यांनी उघडला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. हे कण एकमेकांवर आपटणं माणूस आता करतोय, पण आभाळातून तसलेच कण, याहूनही जोरात, रोज येऊन आपटतायत. पृथ्वी झाल्यापासून. आपल्या पत्र्यावर, तापीवर, चंद्रावरसुद्धा. चंद्र अजून आहे, मी येताना बघून आलो. दुसरं, मी सरांना विचारायला त्यांच्या घरी गेलो, तर ते गच्चीवरच्या गळक्या टाकीसाठी प्लंबरशी भांडत होते. बुधवारी दुनिया बुडणार असं ज्याला वाटतं तो सोमवारी टाकी दुरुस्त करत नाही. आणि तिसरं, तीस वर्षं मी प्रयोग बघतोय. नवीन उपकरण पहिल्या दिवशी कधीही नीट चालत नाही. त्यांचंही काहीतरी जळेल.

लोक हसले. हवा जरा हलकी झाली. बाप्पाला दहा दिवसांचं आवतण दिलंय, सातव्या दिवशी पाहुण्याला उठवायचं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हातारीनेही नाही म्हणून मान हलवली. पण माझे वडील उठून त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"आबा, तुम्ही एकदाव सांगी द्या, काही व्हवाव नही. मी गाडी सोडी देस. तुमना शब्दवर ऱ्हास."

एवढं साधं वाक्य. सगळी चाळ दिवसातून शंभरदा म्हणते ते. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा ना, म्हणून टाका. माझं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांवर अडलं होतं आणि हा माणूस खिशातल्या टेस्टरशी चाळा करत उभा होता.

"ते मी सांगत नही," शेवटी म्हणाले.

वडिलांचा चेहरा पडला. तेव्हा आबा मंडपाच्या पायरीवर बसले आणि जे त्यांनी चाळीत कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या लॅबमध्ये कतारगामचा एक मुलगा होता. हिरे घासणाऱ्या घरातला, घरात शिकणारा पहिलाच. प्रयोगाची जोडणी केली आणि बटणाला हात लावायला घाबरला. "काका, कंई थशे तो नहीं ने?" आबा घाईत होते. तिकडे वळूनही न बघता म्हणाले, "काही व्हत नही, लाव हात." एक वायर आतून सोललेली होती. मुलगा वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. चौकशी झाली, दोष वायरचा निघाला. आबांना कुणी बोललं नाही. मुलाच्या बापाने उलट त्यांनाच पाणी दिलं. "त्या पोऱ्यानी वायरवर इस्वास नही ठेवा व्हता," आबा म्हणाले. "मना शब्दवर ठेवा व्हता."

त्या दिवसापासून खिशात टेस्टर आणि तोंडाला ते वाक्य बंद. दर बेसतु वरसला, गुजराती नवीन वर्षाला, आबा सायकल काढून मिठाई घेऊन कुठे जातात, हे कोडंही आम्हाला तेव्हा सुटलं.

"मंग मी काय करू?" वडिलांनी विचारलं.

"लॅबमा एक नेम शे," आबा म्हणाले. नवी जोडणी पहिल्यांदा चालू करताना करणारा एकटा नसतो. दुसरा माणूस मेन स्विचवर हात ठेवून उभा राहतो. काही होणार नाही म्हणून नाही, झालं तर जवळ माणूस असावं म्हणून. "बुधवारले मी तुना खातामा येस. तू तुना माग चालाड. मी आठेच शे." आमच्या बोलीत आठे म्हणजे इथे.

वडील उठले आणि घरी येऊन त्यांनी आईला बोचकं सोडायला सांगितलं. कारण मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, जो माणूस गळ्याशी आलं तरी खोटा दिलासा देत नाही, त्याच्या त्या टाकीच्या आणि चंद्राच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला काय हरकत, असं त्यांना वाटलं असावं. तरी काही घरं गेलीच. मंगळवारच्या गाडीला चाळीतली चार कुटुंबं होती.

बुधवारी मी वडिलांचा डबा घेऊन खात्यात गेले. खातं म्हणजे मागांची ती लांबलचक शेड. आत आवाज असा की बोललेलं आपलं आपल्याला ऐकू येत नाही. यंत्र सुरू व्हायची वेळ आपल्याकडे दुपारी एकची सांगितली होती. साडेबाराला आबा आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली, शर्ट इस्त्रीचा. शेठला त्यांनी काय सांगितलं देव जाणे. दाराजवळच्या मेन स्विचला आधी टेस्टर लावला, मग त्याच्या दांड्यावर हात ठेवला आणि उभे राहिले. शेठने खुर्ची पाठवली. बसले नाहीत.

एक वाजला. वडील माझ्याकडे बघत नव्हते, आबांकडे बघत होते. एक वाजून पाच मिनिटं झाली असतील, आणि वडिलांचा तिसरा माग थांबला. खाडकन. वडील दचकून जागच्या जागी गोठले. आबांची मूठ दांड्यावर आवळलेली मला तिथून दिसली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा वडील मागावर वाकले होते. तार, म्हणजे धागा, तुटली होती. दिवसातून पन्नास वेळा तुटते तशी. त्यांनी गाठ मारली, माग सुरू केला आणि माझ्याकडे बघून हसले. आबा तीन वाजेपर्यंत तसेच उभे होते. मग पाय मोकळे करत सायकलीकडे गेले. गुडघे धरले होते त्यांचे. आम्ही घरी आलो तेव्हा चाळीत उकडीचे मोदक चालले होते, आणि अध्यक्ष सगळ्यांना सांगत होता की आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं.

गेलेली कुटुंबं आठवड्याने परतली. चौघांपैकी तिघांचे माग गेले होते.

विसर्जनानंतर काही दिवसांनी मी पेपर घेऊन आबांकडे धावले. ते परदेशातलं यंत्र बिघडलं होतं, दुरुस्तीसाठी बंद. म्हटलं, आबा, तुम्ही म्हणाला होतात, काहीतरी जळेल! मला वाटलं, खूश होतील. त्यांनी बातमी तीनदा वाचली. मग पेपर घडी करून म्हणाले, "तठला लॅबवाला किती बोलनं खाई ऱ्हायना व्हई." आणि खरंच त्या दिवशी ते उदास होते. सगळं जग त्या यंत्राला घाबरलं होतं, आबांना मात्र त्याच्याजवळ फडकं घेऊन उभ्या असलेल्या कुणाची तरी काळजी.

वडिलांचे माग राहिले, म्हणून मी शिकले. आता कामरेजच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना चुकलेल्या रीडिंगवर आडवी रेघ मारायला लावते.

मागच्या वर्षी आबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. आबा आता पुतण्याकडे असतात, भरीत अजूनही तीन घासांनी तपासतात. पण त्या सकाळी त्यांना आत नेत होते. पुतण्या कागदांवर सह्या करायला गेला होता, जवळ मी एकटी. स्ट्रेचरवर एवढेसे दिसत होते. इस्पितळाच्या अंगरख्याला खिसा नव्हता, म्हणून टेस्टर मुठीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्या डोळ्यांत मला तो प्रश्न दिसला, जो सुईला घाबरून मी त्यांना विचारला होता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, काही व्हत नही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. अगदी ओळखीची. टेस्टर माझ्या हातात कोंबत म्हणाले, "कोनता पानवर शे?"

मला रडू फुटलं. डोळे पुसले, आडवी रेघ मारली आणि म्हटलं, "माले माहीत नही, आबा. पन मी आठेच शे."

"हां," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. दार बंद झालं.

दहा वाजता नेलं ते अडीच वाजता बाहेर आणलं. दारासमोर बाकडी होती, पुतण्याने दोनदा येऊन बस म्हणून सांगितलं. मी बसले नाही.